गुण्या, दोरी आणि युक्लिड

प्रश्न : गुहागर तालुक्यातील आमच्या गावी आम्ही जांभ्याच्या चिऱ्यांचे घर बांधायला काढले आहे. जोत्याची आखणी करताना गवंड्यांनी कोपऱ्यातील खुंटीपासून एका दोरीवर 3 फुटांवर व दुसरीवर 4 फुटांवर खूण केली, खुणांमधले अंतर 5 फूट भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवली आणि ‘कोपरा गुण्यात आला’ म्हणून सांगितले. ही युक्ती आपल्याकडे इतकी जुनी असताना भूमितीचा उगम ग्रीसमध्ये का मानतात?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : मोजणीची कला ग्रीकांनी शोधलेली नाही, आणि तसा दावा त्यांनीही केला नव्हता. नाईलच्या पुरात वाहून गेलेल्या जमिनी करासाठी पुन्हा मोजाव्या लागत, त्यातून ही विद्या इजिप्तमध्ये जन्मली व तेथून ग्रीसमध्ये आली, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेच लिहून ठेवले आहे. आपला ‘भूमिती’ हा शब्दही मूळ ग्रीक शब्दाप्रमाणे जमिनीचे मोजमापच सांगतो. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, आयताच्या कर्णाचा नियम सर्वसाधारण स्वरूपात आहे, 3 व 4 बाजूंचे उदाहरणही आहे. आणि शुल्ब म्हणजे दोरीच, तुमच्या गवंड्यांच्या हातातली.

ग्रीकांचे वेगळेपण ‘असे का?’ या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तरात आहे. इ. स. पूर्व 300 च्या सुमारास युक्लिडने अलेक्झांड्रियात (म्हणजे पुन्हा इजिप्तमध्येच!) 13 खंडांचा ग्रंथ रचला आणि व्याख्या, काही उघड तत्त्वे व 5 गृहीतके यांच्या आधारावर 465 विधाने एकापुढे एक सिद्ध केली.

आता एक बारकावा पाहा. पायथागोरसचे प्रमेय काटकोन आहे असे धरून सुरू होते. गवंड्यांना तर काटकोनच मिळवायचा असतो. म्हणजे ते वापरतात तो त्या प्रमेयाचा व्यत्यास (उलट विधान), युक्लिडच्या पहिल्या खंडातील शेवटचे, 48 वे विधान. त्याची सिद्धता सुरेख आहे. 4 फुटांच्या बाजूच्या पलीकडे, त्याच कोपऱ्यातून, खरा काटकोन करून 3 फुटांची रेघ काढायची. मूळ प्रमेयानुसार तिथला कर्ण 5 फूट येतो. दोन्ही त्रिकोणांच्या तिन्ही बाजू समान, म्हणून ते एकरूप, आणि म्हणून अलीकडचा कोनही काटकोनच. शाळेतली ‘बाबाबा’ कसोटी ती हीच.

हा ग्रंथ अरबीतून जगन्नाथ सम्राटांनी अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंहासाठी ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला. त्यातील पाचवे, समांतर रेषांचे गृहीतक (रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते, अशा अर्थाचे) इतर चारांवरून सिद्ध करण्याचा खटाटोप दोन हजार वर्षे चालला. अखेर एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की व बोयाय या गणितज्ञांनी ते नाकारूनही सुसंगत भूमिती उभी राहते हे दाखवले.

तुमच्या जोत्यापुरते एवढेच, की दोरी पुरत असेल तर 3-4-5 ऐवजी 6-8-10 किंवा 12-16-20 फूट घ्यायला सांगा, कारण खुणेतली पाव इंचाची चूक लांब मापात कोन कमी बिघडवते. आणि चिरे लावण्यापूर्वी समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत ना हे पाहून जोत्याचे दोन्ही कर्ण सारखे भरतात ना तेही मोजून घ्या.