परजीवी नेमका कुठे अडला?

प्रिय विद्यार्थिनीस,

मलेरियाचा परजीवी पेशीत कसा शिरतो यावर पुढे पीएच.डी. करायची, तर सांगलीत टीवायला असताना काय तयारी करता येईल, असं तू विचारलं आहेस. बरंच काही करता येईल. पण आधी या कामाची मेख समजून घे.

मेरोझॉइट म्हणजे तांबड्या पेशीत शिरणारं परजीवीचं रूप, जेमतेम दीड मायक्रॉनचं. जुनी पेशी फोडून बाहेर आला की नवी पेशी गाठायला त्याला काही मिनिटंच मिळतात. आधी तो कसाही चिकटतो, मग वळून आपलं टोक पेशीकडे करतो. त्याचं आरएच5 हे प्रथिन पेशीवरच्या बेसिजिन या प्रथिनाला धरतं. हे 2011 मध्ये उघड झालं. मग एएमए1 आणि आरओएन2 या परजीवीच्याच प्रथिनांची घट्ट पकड बसते आणि ॲक्टिन-मायोसिन या प्रथिनांच्या मोटरीवर तो आत सरकतो. चिकटण्यापासून आत जाण्यापर्यंत सारं साधारण मिनिटभरात उरकतं.

यातल्या पायऱ्या वेगवेगळ्या रोखता येतात. सायटोकॅलेसिन डी हे रसायन घातलं तर ॲक्टिन निकामी होतं: मेरोझॉइट चिकटतो, पकडही बसते, पण आत जात नाही. हेपॅरिन घातलं तर त्याच्या आधीच अडतो. म्हणून ‘शिरकाव निम्म्यावर आला’ एवढंच लिहून थांबणारा प्रबंध माझ्या मते अर्धवट. कुठल्या पायरीवर अडला? की जुन्या पेशीतून बाहेरच पडला नाही? शायझॉन्ट (मेरोझॉइटनी भरलेले पक्व परजीवी) किती फुटले हे मोजलं नसेल, तर नव्या रिंग (पेशीत नुकतेच शिरलेले, अंगठीसारखे दिसणारे परजीवी) कमी का दिसल्या हे सांगताच येत नाही.

हे सगळं उभं राहतं ते कल्चरवर, म्हणजे प्रयोगशाळेत मानवी रक्तात परजीवी वाढवण्यावर. माणसाच्या मलेरियाची फाल्सिपेरम ही जात 1976 पासून प्रयोगशाळेत सलग वाढवता येते, पण तिचे लाड करावे लागतात. आरपीएमआय 1640 हा मीडिया (पोषक द्रव), त्यात हायपोझँथिन आणि अल्ब्युमॅक्स (सीरमऐवजी वापरायचं अल्ब्युमिन) किंवा मानवी सीरम, तापमान 37 अंश, हवेत ऑक्सिजन 5 टक्के किंवा कमी, कार्बन डायऑक्साइड 5 टक्के, बाकी नायट्रोजन. रक्त तीनदा धुवायचं आणि वरचा पांढऱ्या पेशींचा थर दर वेळी काढून टाकायचा. रक्त जुनं झालं की शिरकाव आपोआप घटतो. त्यामुळे कंट्रोलला (औषध न घातलेल्या नमुन्याला) एका पिशवीतलं आणि औषध घातलेल्या नमुन्याला दुसऱ्या पिशवीतलं रक्त वापरलंस, तर तो प्रयोग बादच समज.

पॅरासायटीमिया (परजीवी असलेल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) 5 टक्क्यांच्या वर गेला आणि मीडिया बदलला नाही, तर आम्ल साचतं, मीडिया पिवळा पडतो आणि स्मिअरमध्ये (काचेवर पसरून रंगवलेल्या रक्ताच्या थरात) आकसलेले काळपट ठिपके दिसतात. सोमवारी सकाळी असे ठिपके दिसले तर रविवारी कोणी लॅबला फिरकलं नव्हतं हे ओळखावं. परजीवीचं चक्र 48 तासांचं. त्याला सुट्टी कळत नाही.

सगळे परजीवी एका वयाचे करायला 5 टक्के सॉर्बिटॉल, 37 अंशांवर 10 मिनिटं. मोठ्या झालेल्या परजीवीची पेशी सॉर्बिटॉल आत घेते, मागोमाग पाणी शिरतं आणि ती फुटते. रिंग तेवढ्या वाचतात. म्हणजे स्मिअर न बघता सॉर्बिटॉल ओतलं आणि कल्चरमध्ये सगळे ट्रॉफ (रिंगच्या पुढच्या अवस्थेतले, मोठे झालेले परजीवी) निघाले, तर हाती काही उरत नाही.

व्हिडिओ घेताना सूक्ष्मदर्शकाचं स्टेज 37 अंशांवर हवं, नुसती खोली उबदार असून भागत नाही. आणि चमकणाऱ्या प्रथिनांसाठीचा निळा प्रकाश जास्त वेळ मारला तर परजीवी त्यानेच मरतो. तो प्रकाशाचा परिणाम पोरं औषधाच्या नावावर खपवतात.

डासाने टोचलेला स्पोरोझॉइट, म्हणजे डासातून माणसात येणारं परजीवीचं रूप, हे वेगळं प्रकरण. केळ्यासारखा बाकदार, सेकंदाला एक-दोन मायक्रॉन सरकणारा, काचेवर गोल गोल फिरणारा. ट्रॅप हे प्रथिन काढून टाकलं तर तो सरकत नाही आणि डासाच्या लाळग्रंथीतही शिरत नाही, हे 1997 मध्ये दिसलं. लाळग्रंथी काढल्यावर त्याला बर्फावर ठेव आणि बघायच्या वेळी अल्ब्युमिन घाल. ते विसरलं तर निरोगी स्पोरोझॉइटही निपचित पडून राहतात. उंदरांतल्या मलेरियाच्या बर्गेई जातीसाठी डास 20-21 अंशांवर ठेवावे लागतात. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये एसी बंद पडला, तर तीन आठवड्यांची मेहनत वाया.

आता सांगलीत काय करशील? कृष्णाकाठच्या डबक्यातलं पाणी आणि थोडं वाळलं गवत बरणीत घाल, काही दिवसांत पॅरामेशियम (पोहणारे एकपेशीय जीव) दिसतील. 4एक्सची लेन्स लाव, आयपीसला मोबाइल लावून व्हिडिओ घे, स्टेज मायक्रोमीटरने (बारीक मोजपट्टी कोरलेल्या काचेने) मोजमाप बसव आणि फिजी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेग काढ. पॅरामेशियम केसलांनी (अंगावरच्या केसांसारख्या तंतूंनी) पोहतो, स्पोरोझॉइट तसा नाही. पण माग काढायची आणि चुकीचे माग वगळायची सवय तीच.

मिरजेतल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये विनंती करून रक्ताच्या स्लाइड वाचायला बस. पॉझिटिव्ह नाही मिळाली तरी चालेल. तांबड्या पेशीवर बसलेली प्लेटलेट हुबेहूब रिंगसारखी दिसते, तो फरक आधी डोळ्यात बसू दे. गीम्सा या रंगासाठीचं पाणी 7.2 पीएचचं हवं; आम्लधर्मी झालं की स्लाइड गुलाबी होते आणि परजीवीचं केंद्रक नीट रंगत नाही.

एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा दे, नंतर पीएच.डी.साठी नेट परीक्षा आहेच. गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस. हालचालीच्या अभ्यासात सूक्ष्मदर्शक आणि आलेख यांच्यातच निम्मा जन्म जातो. उन्हाळी प्रोजेक्टसाठी पुण्या-मुंबईच्या गाईडना आतापासून मेल कर. ‘मला संशोधनाची आवड आहे’ हे वाक्य गाळ. त्यांच्या एका पेपरमधल्या कुठल्या आकृतीवर काय शंका आली ते चार ओळींत लिही आणि पॅरामेशियमच्या वेगाचा आलेख जोड, दोन्ही अक्षांवर एकक लिहून.

शुभेच्छांसह,
तुझे सर