घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घ्यावे की नाही?

दिवाळीच्या तोंडावर प्राणी पाळणारी कुटुंबे मला हमखास एक प्रश्न विचारतात: फटाक्यांना घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले, तर तो आणखी भित्रा होतो का? दादरच्या एका दांपत्याने तो विचारला, तेव्हा बाईंचा आवाज भरून आला होता. आदल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यांचा कुत्रा पलंगाखाली थरथरत होता, आणि लाड केल्यास ही सवय लागेल असे शेजाऱ्यांनी सांगितल्यामुळे दोघे मन घट्ट करून त्याच्यापासून दूर बसले होते.

मी त्यांना सांगितले की, भीती ही खाऊच्या आशेने केलेली कृती नव्हे. ती आपोआप उसळणारी भावना आहे, आणि मायेने धीर दिल्यामुळे ती वाढत नाही. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्‌झपर्यंतचे. म्हणजे आपल्या कानाला न कळणारे अतिउंच स्वरही त्याला ऐकू येतात. शिवाय हा आवाज कशाचा आणि तो केव्हा थांबणार, हे त्याला कोणी समजावू शकत नाही. तो आपणहून जवळ आला, तर खुशाल कुरवाळावे. लपला असेल, तर मात्र त्याला ओढून बाहेर काढू नये.

आम्ही रस्त्यापासून दूर असलेली आतली खोली त्याच्यासाठी ठरवली; तिथे त्याचे अंथरूण आणि पाणी ठेवायचे, खिडक्या बंद करून पंखा व टीव्ही चालू ठेवायचा. फिरवून आणणे दिवेलागणीपूर्वी, तेही पट्टा बांधूनच. फराळाला येणाऱ्यांसाठी दार सतत उघडते आणि बिथरलेला कुत्रा नेमका तेव्हाच निसटतो, म्हणून गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक लिहिला. चॉकलेट आणि चिवड्यातले बेदाणे कुत्र्यांना विषारी ठरू शकतात, याची तर घरात कोणालाच कल्पना नव्हती.

गृहस्थांनी स्वतःची झोपेची गोळी देण्याचा विचार बोलून दाखवला, त्याला मी ठाम नकार दिला. काही गुंगीच्या औषधांनी शरीर सुस्तावते, पण मनातली भीती तशीच राहते. औषध हवेच असेल, तर ते पशुवैद्यांनी तपासून, दिवाळीच्या पुरेसे आधी ठरवावे लागते.

त्या दिवाळीतही तो थरथरला, परंतु या वेळी बाईंच्या मांडीला टेकून बसला आणि फटाके ओसरल्यावर जेवला. मूळ भीती कमी करण्यासाठी आम्ही पुढे, शांततेच्या महिन्यांत, फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात लावून सोबत आवडता खाऊ देण्यास सुरुवात केली; तो निवांत राहिला, तरच आवाज किंचित वाढवायचा, आणि कान मागे पडले की लगेच कमी करायचा.