बांबूच्या लॅम्पशेडमधून पिवळट पूड पडते, उपाय काय?
ही भुंगेऱ्याची पूड आहे. बांबूतल्या स्टार्चवर त्याच्या अळ्या जगतात. नुसते वॉर्निश मारून त्या थांबत नाहीत. वायर, होल्डर काढा. 10 लिटर गरम पाण्यात 300 ग्रॅम बोरॅक्स आणि 200 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा (हातमोजे घालून, मुलांपासून लांब). जुने वॉर्निश घासून काढा आणि शेड दोन दिवस पूर्ण बुडवून ठेवा. अखंड नळीची शेड असेल तर आधी पेरांतले पडदे फोडा, नाहीतर द्रावण आत शिरत नाही. तिला आठवडाही लागतो. नंतर सावलीतच वाळवा, कडक उन्हात बांबू तडकतो. पुढे जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाचे बोळे पसरून वाळवा, गोळा करून ठेवले तर आपोआप पेटू शकतात. बल्ब 5 ते 7 वॅटचा एलईडीच लावा.