टॉवेलच्या कारखान्यात गणितवाल्यांचं काय काम?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात एम.एस्सी. गणित, दुसरं वर्ष. उद्योगातल्या खऱ्या अडचणींवर पाच दिवसांची कार्यशाळा घ्यायचं विभागात घाटतंय. तुम्ही शिकलात टोपॉलॉजी आणि रिअल अ‍ॅनालिसिस. म्हणजे सगळं शुद्ध गणित. मग टॉवेलच्या कारखान्यात जाऊन करायचं काय, आणि पाच दिवसांत हाती लागणार काय? (एम.एस्सी.ची मुलं मला कायम 'तू'च राहिली, चालवून घे.)

दुसऱ्या भागाचं आधी सांगतो. पाच दिवसांत अडचण सुटत नाही. खरी अडचण कोणती आहे ते कळतं, आणि मालकाने सांगितलेली ती बहुतेक वेळा नसतेच.

अशा कार्यशाळांचा प्रकार ऑक्सफर्डला 1968 साली सुरू झाला. अ‍ॅलन टेलर आणि लेस्ली फॉक्स या तिथल्या गणितज्ञांनी कंपन्यांच्या लोकांना बोलावलं. सोमवारी त्यांनी आपापली अडचण फळ्यासमोर उभं राहून सांगायची, आठवडाभर प्राध्यापक आणि विद्यार्थी एकत्र डोकं लावणार, शुक्रवारी जे निघालं ते मांडायचं. आज जगभर चालतात त्या कार्यशाळांचा साचा बराचसा हाच. यातली कळीची गोष्ट म्हणजे अडचण ज्याची, त्याने स्वतः येऊन सांगायची. सरांनी त्याच्या वतीने पीपीटी केली की खेळ संपला.

आमच्या कार्यशाळेत आम्ही नेमकी तीच चूक केली होती. अक्कलकोट रोडच्या एका कारखानदाराने फोनवर सांगितलं, "उत्पादन वाढवून द्या." आम्ही खूश! दोन दिवस बसून कोणत्या मागावर कोणतं बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) आधी चढवायचं याचं झकास लिनिअर प्रोग्रॅमिंग (बंधनं पाळून सगळ्यात चांगला पर्याय शोधायचं गणित) मांडलं, बावीस चल, पन्नासेक बंधनं. तिसऱ्या दिवशी त्यांचा जॉबर (मागांची देखभाल बघणारा) सहज म्हणून आला, फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे ठीकाय, पण माग दुपारी बंद पडतेत त्याचं काय?" एप्रिल महिना. हवा कोरडी झाली की खळ (कांजी) दिलेला सुती धागा ठिसूळ होतो आणि तुटायला लागतो. आमच्या बावीस चलांत हवा कुठेच नव्हती. रजिस्टरमध्येही नव्हती, तिथे फक्त पाळीचं एकूण उत्पादन.

मग धागे कधी आणि किती तुटतात हे मोजायचं कसं? आणि इथेच तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. टिपेट हे नाव तू ऐकलं असशील, फिशर-टिपेट प्रमेयातला (सगळ्यात मोठी किंवा लहान मूल्यं कशी वागतात त्याचं प्रमेय), 1928. हा माणूस इंग्लंडमधल्या सुती कापड उद्योगाच्या संशोधन संस्थेत नोकरीला होता. सुताची ताकद त्याच्या सगळ्यात कच्च्या जागेवर ठरते, म्हणून त्याला सरासरी नको होती, किमान मूल्य कसं वागतं ते हवं होतं. म्हणजे तुमच्या अभ्यासक्रमातला एक्स्ट्रीम व्हॅल्यूचा (टोकाच्या मूल्यांचा) धडा सुताला धरूनच आलेला आहे. त्याच टिपेटने मागांसाठी एक साधी युक्ती काढली: घड्याळ लावून एकेका मागापाशी बसू नका, अवचित वेळी शेडमधून फेरी मारा आणि त्या क्षणी किती माग बंद दिसतात, का बंद आहेत, तेवढं लिहा.

आम्ही तेच केलं. फेऱ्यांच्या वेळा आधीच यादृच्छिक आकड्यांवरून काढल्या, नाहीतर पोरं चहानंतरच जातात. समजा 48 माग आणि 30 फेऱ्या, म्हणजे 1440 नोंदी. बंद मागांचं प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास असेल तर द्विपद वितरणाने ते साधारण दोन टक्के इकडे-तिकडे इतकं नेमकं कळतं. (एकाच फेरीतले माग एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे खरी चूक याहून जास्त. हे लिहायला विसरू नका.)

पुढचा हिशेब मला सगळ्यात आवडतो. समजा एक माग सरासरी 20 मिनिटं चालून थांबतो आणि धागा सांधायला 2 मिनिटं लागतात. मालक म्हणतो, 22 पैकी 20, म्हणजे 91 टक्के चालायला हवा. पण विणकर एक आणि माग चार. एकावर गाठ मारत असताना दुसरा थांबला तर तो वाट बघत उभा. रांगेच्या साध्या सिद्धांताने, वेळा घातांकी धरल्या (म्हणजे आधी किती वेळ गेला याचा पुढच्या वेळेवर परिणाम नाही असं मानलं) तर, चार मागांना 88 टक्के येतात, आठ मागांना जेमतेम 83. आठ माग असूनही विणकर एक तृतीयांश वेळ रिकामा दिसतो, आणि मालकाला नेमकं तेवढंच दिसतं! तो रिकामा वेळ काढून आणखी माग दिले की प्रत्येक मागामागचं उत्पादन आणखी घसरणार. हे गणित तुला पदवीच्या शेवटच्या वर्षी येत होतं. टोपॉलॉजी लागली नाही, खोटं कशाला सांगू. पण 'हे गृहीत कुठे धरलं?' असं विचारायची अ‍ॅनालिसिसची खोड मात्र रोज उपयोगी पडली.

आता तुमच्या कार्यशाळेसाठी. मोठ्या कंपनीच्या मागे लागू नका, सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला, एखादा मध्यम कारखाना पुरे. मालकाकडे हिशेबाच्या वह्या मागू नका, तो दचकतो. एक शेड आणि चार दिवस मागा. कामगार मंडळी बिचकत असतील तर आधीच स्पष्ट सांगा की नोंद मागाची होणार आहे, माणसाची नाही, आणि तसंच वागा. तिथल्या बऱ्याच विणकरांची घरची भाषा तेलुगू, म्हणून गटात तेलुगू बोलणारं कुणीतरी हवंच. आमच्याकडची एक मुलगी विणकरांशी तेलुगूत बोलली आणि अर्ध्या तासात जे कळलं ते आम्हाला दोन दिवसांत कळलं नव्हतं. शेवटच्या दिवशीचं सादरीकरण मराठीत ठेवा आणि जॉबरला पुढच्या रांगेत बसवा.

शेडमध्ये जाताना केस बांध, ओढणी बाहेर ठेव. पट्ट्यावर चालणारे माग असतील तर फार जपायला लागतं. आत खडखडाटात एक शब्द ऐकू येत नाही, तेव्हा प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून ने.