मोतीबिंदू आणि काचबिंदू एकदमच? वाचकांचे प्रश्न

आईला मोतीबिंदू आहे. काचबिंदूची तीन औषधं घालूनही डोळ्याचं प्रेशर 24 आहे. दोन्ही ऑपरेशनं एकत्र करावीत का?

तीन औषधांनंतरही 24 म्हणजे औषधं पुरी पडत नाहीत. अशा डोळ्याला एकत्र ऑपरेशन (फेको-ट्रॅब) बहुधा योग्य. एकाच औषधावर प्रेशर 15 असतं, तर नुसता मोतीबिंदू काढणं पुरलं असतं, कारण त्यानंही ते साधारण 2 ते 4 ने उतरतं. कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट, बंद होण्याचा प्रकार असेल तर हिशोबच बदलतो: फुगलेलं नैसर्गिक भिंग काढलं की कोन मोकळा होतो. म्हणून आधी विचारा, गोनिओस्कोपी (हा कोन पाहण्याची तपासणी) झाली का? आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस फारच खराब, प्रेशर खूप चढलेलं असेल, तर काही सर्जन आधी फक्त काचबिंदूचं ऑपरेशन करतात. कारण एकत्र केल्यावर प्रेशर नुसत्या काचबिंदूच्या ऑपरेशनइतकं उतरत नाही.

डॉक्टर ऑपरेशनमध्ये ‘मायटोमायसिन लावू’ म्हणाले. ते कॅन्सरचं औषध ना?

तेच, पण इथे काम वेगळं. काचबिंदूच्या ऑपरेशनमध्ये वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागावर अर्ध्या जाडीचा, 4 मिमीच्या आसपास पापुद्रा उचलून खाली छिद्र करतात. त्यातून पाणी झिरपून वर फुगवटा येतो, तो ‘ब्लेब’. शरीर मात्र त्याला जखम समजून बुजवायला धावतं. ऑपरेशन फसतं ते बहुतेकदा याच वणामुळे. तो रोखायला 0.2 ते 0.4 मिग्रॅ प्रति मिली ताकदीचं औषध स्पंजनं दोन-तीन मिनिटं लावून भरपूर धुतात. प्रमाण जास्त झालं तर ब्लेब पातळ पडून गळतो.

शेजाऱ्यांना चार दिवसांत लख्ख दिसलं. माझ्या एकत्र ऑपरेशनला दोन आठवडे झाले, धूसरच.

त्यांचं ऑपरेशन नुसत्या मोतीबिंदूचं होतं. तुमचं प्रेशर अजून स्थिरावतंय. गरजेप्रमाणे टाके लेझरनं तोडतात किंवा ओढून काढतात. स्टेरॉइडचे थेंब दोन महिने किंवा जास्तही चालतात, मनानं थांबवू नका. चष्म्याचा नंबर सहा-आठ आठवड्यांनीच. नेहमीची गफलत: काचबिंदूचे जुने थेंब ऑपरेशनच्या डोळ्यात सहसा बंद होतात, दुसऱ्या डोळ्यात चालूच ठेवायचे असतात. लोक दोन्हीकडचे सोडतात. आणि ब्लेब असलेला डोळा लाल झाला, दुखला, चिकटला, तर दहा वर्षांनीही त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मल्टिफोकल (दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारं) भिंग बसवू का?

नस खराब असेल तर नको. काचबिंदूत फिकट-गडद फरक ओळखणं आधीच कमी होतं, हे भिंग ते आणखी कमी करतं. साधं मोनोफोकल (एकाच अंतराचं) घ्या. मोतीबिंदूमुळे आलेला धुरकटपणा जाईल. काचबिंदूनं गेलेली नजर कुठल्याच भिंगानं परत येत नाही.