अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या भरतीचे नियम गरीब घरच्या मुलांना न्याय देतात का?

तुम्ही विचारलंय, की अमेरिकेत गरिबाचं पोर फुटबॉलच्या जोरावर फुकट कॉलेज शिकतं असं ऐकायला मिळतं, मग त्या भरतीच्या नियमांविरुद्ध एवढी ओरड का? मी टेक्सासमधल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. माझ्या वर्गात दरवर्षी फुटबॉलची दहाबारा पोरं असतात, त्यामुळे हे नियम मला त्यांच्या प्रगतिपुस्तकांतून शिकायला लागले. (फुटबॉल म्हणजे इथला, अंड्यासारख्या चेंडूचा. मी कोल्हापूरची, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या मॅच बघत वाढलेली. हातात चेंडू घेऊन पळण्याला फुटबॉल म्हणायला माझी जीभ दोन वर्षं वळत नव्हती.)

माझं मत आधीच सांगते. नियम सगळ्यांना सारखे आहेत. पण सुस्थितीतल्या घरात जी मदत आईबाप करतात, तीच मदत गरीब पोराला बाहेरच्या कुणी केली की ती वर्षानुवर्षं नियमभंग ठरत आली. शिवाय कुठले विषय घ्यायचे हे नववीतल्या पोराला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं, ते सांगणारं माणूस त्याच्याजवळ नसतं. पैशाचा भाग अलीकडे बराच बदललाय. नववीचा भाग जवळजवळ तसाच आहे.

पैशाचं आधी. कॉलेज खेळांचे नियम एनसीएए ही संघटना करते. खेळाडू 'हौशी' राहिला पाहिजे, या तत्त्वापायी शिष्यवृत्तीबाहेरचा कुठलाही लाभ त्याला वर्ज्य होता. 2006 मध्ये क्लेमसन विद्यापीठाचा रे रे मॅकएलरॅथबी हा खेळाडू आपल्या 11 वर्षांच्या भावाला स्वतःजवळ सांभाळत होता. आई व्यसनात आणि बाप जुगारात, म्हणून धाकट्याची जबाबदारी याच्यावर आलेली. आता सरावाच्या वेळी त्या लहानग्याला शाळेतून कोण आणणार? कोचच्या बायकोने गाडीतून आणलं तर तोही नियमाने 'जादा लाभ'! बातमी देशभर झाली, विशेष सूट मागावी लागली, ती मिळाली आणि भावासाठी निधीही उभा राहिला. पण हे सगळं बातमी झाली म्हणून. त्या काळी शिष्यवृत्ती एकेका वर्षाची असे. 2008 मध्ये क्लेमसनने त्याची शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवली नाही आणि तो हॉवर्ड विद्यापीठात गेला.

आमच्याकडे गावातला पोरगा तालमीत उतरला की त्याच्या खुराकाचं दूध-बदाम अख्खं गाव बघतं. एनसीएएच्या त्या वेळच्या नियमाने अख्खं गाव दोषी ठरलं असतं, आणि पैलवान अपात्र.

2010 मधलं दुसरं उदाहरण बघा. जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीनने आपली एक जर्सी 1,000 डॉलरला विकली, म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवलं. त्याच्या 8 नंबरच्या जर्सी मात्र दुकानात विकायला होत्याच, फक्त त्यांचा पैसा त्याच्या खिशात जात नव्हता. घेणारा माणूस एनसीएएच्या व्याख्येत एजंट बसत होता हे खरं. पण घरून पैसे येणाऱ्या मुलावर जर्सी विकायची वेळ सहसा येत नाही.

आता अभ्यासाकडे येते, कारण माझं खरं भांडण इथे आहे.

पहिल्या दर्जाच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या कॉलेजात पहिल्या वर्षापासून खेळायचं तर हायस्कूलच्या चार वर्षांत (नववी ते बारावी) 16 ठरावीक 'कोअर' विषय पूर्ण हवेत (एक विषय म्हणजे एका वर्षाचा कोर्स), आणि त्यांत 4 पैकी किमान 2.3 जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी. इंग्रजीची चार वर्षं, गणिताची तीन, तीही अल्जेब्रा वनपासून (बीजगणिताच्या पहिल्या कोर्सपासून) पुढची, असा हिशेब असतो. आकडा अवघड नाही. 2016 पासून त्याला एक खुंटी मारलीय: 16 पैकी 10 विषय बारावी सुरू व्हायच्या आत झाले पाहिजेत आणि त्यांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. बारावी सुरू झाली की त्या दहांचे गुण गोठले. पुन्हा तोच विषय घेऊन सुधारायची सोय नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात अकरावीत एक मुलगा आला. आईला भाडं परवडेना म्हणून दोन वर्षांत तिसरी शाळा. उंचापुरा, पायांत विलक्षण वेग, आणि डोकं गणिताला चांगलं चालायचं, फक्त मधली दोन पानं कुणीतरी फाडून नेल्यासारखी. नववीत तो दोन विषयांत नापास होता. आधीच्या शाळेने त्याला संगणकावरच्या 'क्रेडिट रिकव्हरी'त बसवलं: स्क्रीनवर प्रश्न सोडवा, तीन आठवड्यांत विषय पास. शाळेचा निकालाचा टक्का वाढला, त्याचंही हायस्कूल पूर्ण होण्याच्या मार्गावर. फक्त तो कोर्स एनसीएएच्या मान्य यादीत नव्हता. प्रत्येक हायस्कूलची अशी यादी असते आणि ती कुणालाही बघता येते. पण अशी यादी असते हेच त्याला किंवा त्याच्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. एका कॉलेजच्या कोचने विचारणा केली तेव्हा बारावीचा ऑक्टोबर उजाडला होता. मी कागद मांडून बसले, दोनदा मोजले. दहा भरत नव्हते.

तो ज्युनियर कॉलेजात गेला (इथे म्हणजे हायस्कूलनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज). वाईट नाही ते, पण वाट लांबची.

त्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांनी नववीतच पैसे देऊन खासगी सल्लागार ठेवला होता. त्याच्याकडे रंगीत तक्ताच होता, कुठला विषय कधी घ्यायचा याचा. नियम दोघांना एकच.

मी शिक्षिका आहे, अभ्यासाची अट काढून टाका असं मी म्हणणार नाही. टेक्सासमध्ये 1984 पासून कायदा आहे: कुठल्याही विषयात 70 पेक्षा कमी गुण पडले की सामने बंद. त्या धाकाने माझ्यासमोर बसून अल्जेब्रा सोडवणारी पोरं मी बघितली आहेत. अट असावी. पण शाळेने चुकीच्या कोर्सला बसवलं तर त्याची शिक्षा पोराला का?

परीक्षेच्या गुणांचा इतिहास तर आणखी बोलका आहे. 'प्रपोझिशन 48' या नियमाने 1986 पासून एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत 1600 पैकी किमान 700 गुण सक्तीचे झाले, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका कृष्णवर्णीय मुलांना बसला. पुढे 'प्रपोझिशन 42' आलं: अट पूर्ण न करणाऱ्याला पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीही द्यायची नाही. त्याच्या निषेधार्थ जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्पसन 14 जानेवारी 1989 ला सामना सुरू होतानाच मैदान सोडून निघून गेले. एसएटीची अट पूर्ण जायला 2023 उजाडावं लागलं.

भरतीच्या दौऱ्यांबद्दल थोडक्यात. कॉलेजने रीतसर बोलावलं तर खर्च कॉलेजचा. स्वतःहून बघायला गेलात तर पेट्रोल, हॉटेल तुमचं. कोचच्या नजरेत भरायला उन्हाळी शिबिरं करावी लागतात आणि त्यांना फी असते. म्हणून दूरच्या कॉलेजांचे कोच पोरांच्या गावाजवळ येऊन शिबिरं घ्यायचे, ते गरिबाच्या सोयीचं होतं. एका दिवसात, घरापासून तासाभरावर, पाचसहा कॉलेजांचे कोच बघून जायचे. मिशिगन विद्यापीठाचे त्या वेळचे कोच जिम हार्बो दक्षिणेत येऊन अशी शिबिरं घ्यायला लागले, तेव्हा दक्षिणेतल्या बड्या कॉलेजांना आपल्या वावरात दुसऱ्याचं गुरं शिरल्यासारखं झालं. 8 एप्रिल 2016 ला एनसीएएची अशा शिबिरांवर बंदी आली. ओरड झाली आणि 28 एप्रिलला ती उठली, पण पुढच्या वर्षी दिवसांवर आणि जागांवर मर्यादा घातल्याच. बंदी घालताना गरीब पोराचा विचार कुणी केला असेल असं मला तरी वाटत नाही.

आता काय बदललं? 1 जुलै 2021 पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेऊ शकतो. जून 2025 मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजंही थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. ग्रीनचा तो जर्सीचा गुन्हा आज हसण्यावारी जाईल. मला याचा आनंदच आहे. पण त्याच तडजोडीने फुटबॉल संघाला 105 खेळाडूंची मर्यादा आली, त्यामुळे शिष्यवृत्तीविना संघात राहून धडपडणाऱ्यांच्या जागा कमी झाल्या. शिवाय खेळाडू आता सहज कॉलेज बदलतात, आणि कोचला अठरा वर्षांच्या कच्च्या पोरापेक्षा दुसरीकडे तयार झालेला बावीस वर्षांचा गडी बरा वाटतो. अव्वल पन्नास-शंभर पोरांचं भलं झालं. उशिरा उमलणाऱ्यांची रांग लांबली.

तुमच्या ओळखीचं कुणी इथल्या शाळेत खेळत असेल, तर नववीच्या पहिल्या आठवड्यात त्याला शाळेच्या समुपदेशकाकडे धाडा आणि मान्य विषयांची यादी मागायला सांगा. एनसीएएकडे नोंदणीची फी असते, ती परवडत नसेल तर माफ होते, तेही विचारायचं. मी आमची यादी दर ऑगस्टला छापून लॉकर रूमच्या दारावर चिकटवते. गेल्या वर्षी कुणीतरी त्यावर प्रोटीन पावडरची जाहिरात डकवली होती. मी ती काढून खाली लावली, कारण ती वाचायला तरी पोरं दारापाशी थांबतात.