वडाला काय हवंय?

अनेक आशीर्वाद.

तुझी वडाची गोष्ट दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री एकट्याने, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली तेव्हा का वाटली नाही ते कळलं. पारंब्यांनी आवळलेला माणूस, खोडातून झिरपणारं रक्त, सगळं झकास उतरलंय. पण हा वड माणसं मारतो कशासाठी? तुझं उत्तर, 'शापित आहे म्हणून.' शाप म्हणजे कारण नव्हे रे, ती लेखकाने मारलेली दांडी.

ही सवय आपल्याला मुंज्याने लावली असावी. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, घाबरायचं ते त्याला. पिंपळ नुसता पत्ता. वेताळाच्या गोष्टींतही झाडाला स्वतःचं मत नसतं, प्रेत लटकायला फांदी लागते इतकंच. भाडेकरू वाईट, घर बिचारं निर्दोष. तुझ्या गोष्टीत मात्र सुरुवातीला वडात कुणीतरी राहतंय आणि शेवटी वडच खुनी निघतो. आधी काय ते एक ठरव.

झाडच वाईट हवं असेल तर इंग्रज लेखक टॉल्किनचा म्हातारा विलो नीट बघ. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचा भाऊबंद, नदीकाठी पाण्यात पाय सोडून बसणारा. १९३४ साली छापलेल्या एका कवितेत तो पहिल्यांदा येतो. टॉम बॉम्बाडिल नावाच्या गाणाऱ्या रानवट अवलियाला झोपवतो, खोडाच्या फटीत अडकवतो आणि टॉमने दटावल्यावर सोडून देतो. का अडकवलं? काही नाही, खोडी काढली. वीस वर्षांनी, १९५४ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या खंडात तेच झाड, तीच फट, तीच झोप. पण आता मागे इतिहास आहे. हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या कुंपणावर जंगल चालून आलं होतं, तेव्हा त्यांनी शेकडो झाडं तोडून जंगलातच मोठी होळी केली होती. त्या जागी पुन्हा झाड उगवलेलं नाही.

यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे विलो कुणाच्या मागे धावत नाही. धावणारं झाड हसू आणतं. जंगलातल्या वाटाच अशा वळत जातात की नको नको म्हणत चौघे हॉबिट नेमके त्याच्या नदीकाठी येतात. दुपारचं ऊन, पानांची सळसळ, पापण्या जड. दोघे खोडाला टेकून झोपतात आणि फट मिटते. एक अख्खा आत, दुसऱ्याचे कमरेखालचे पाय तेवढे बाहेर. तिसऱ्याला मूळ पाण्याखाली दाबून धरतं. एकही हत्यार झाडाच्या स्वभावाबाहेरचं नाही. सावली, ओल, मुळं, बस्स. टॉम येऊन त्याला गप्प करतो तेही गंमतीचं आहे: माती खा, पाणी पी, झोप जा. म्हणजे परत झाड हो!

दुसरी गोष्ट, कारण आपल्याला कळतं ते भीती भोगून झाल्यावर, टॉमच्या घरी. चालत्या-फिरत्या, कुरतडणाऱ्या, तोडणाऱ्या, जाळणाऱ्या सगळ्या जीवांबद्दलचा जुना द्वेष. आणि तेवढ्यावरही टॉल्किन थांबत नाही. या विलोचं मन आतून कुजलंय, त्याला अख्खं जंगल आपल्या ताब्यात हवंय. तक्रार खरी, पण तिच्या आडून हाव वाढलेली. आपण नेहमी झाडांच्या बाजूने असतो असं १९७२ साली वर्तमानपत्राला ठणकावून कळवणारा हा माणूस, तरी त्याने विलोला माफी दिली नाही. तुझा वड मला दुसऱ्या टोकाला जाईल अशी भीती वाटते: शाप काढलास की लगेच तो पर्यावरणाचा हुतात्मा होईल. तसं नको करूस.

आमच्या गल्लीत एका पर्जन्यवृक्षाला कुठल्याशा क्लासची पत्र्याची पाटी ठोकलीय. पंधराएक वर्षं झाली असतील. साल दोन्ही बाजूंनी ओठांसारखी पुढे येत येत पाटी गिळतेय. 'प्रवेश सुरू' मधला 'प्र' आत गेला, आता नुसतं 'वेश सुरू' दिसतं. झाड केवढं उंच झालं, पण खिळा होता तिथेच आहे, कारण झाड शेंड्याकडून वाढतं, खोडावरची जखम वर सरकत नाही. ठोकणाऱ्याच्या खांद्याइतक्या उंचीवर मारलेला खिळा तितक्याच उंचीवर राहतो. हे वापर की! तुझ्या गोष्टीत आजोबांनी वडावर कुऱ्हाड चालवली होती असा एका ओळीत उल्लेख आहे, तो घाव कुठे आहे? नातू त्याच उंचीचा झाल्यावर तिथेच टेकतो असं केलंस तर रक्ताची गरजच उरणार नाही.

आणि वडाला तहान दे. गावाने बोअर मारल्या, विहीर आटली, तेव्हा त्याची मुळं कुठवर गेली? कुणाच्या घराखाली? गोष्ट इतक्यात पुन्हा लिहू नकोस. आधी एका कागदावर वड, विहीर आणि आजोबांचं घर काढ, मधली अंतरं पावलांत मांड आणि तो कागद मला पाठव.